आर्क लागलाय म्हणे

आमच्या ह्यांच्या दुखण्याला वर्षानुवर्षं सगळ्यांनी एकच नाव दिलं होतं. आर्क लागलाय. त्या नावाचा मला आता इतका राग येतो की कुणी नुसतं 'आर्क' म्हटलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे हे वेल्डर. लोखंडी जिने, फाटकं, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे असली कामं करणाऱ्या वर्कशॉपमध्ये त्यांची अर्धी हयात गेली. वेल्डिंग करतात आणि गॅसकटिंगही. तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणतात. वेल्डिंगचा तो झगझगीत उजेड काळ्या काचेशिवाय बघितला की डोळ्यांना इजा होते, त्याला आर्क लागणं म्हणतात. त्याची खोड अशी की लागतो दिवसा आणि दुखतो रात्री. माणूस घरी येतो, जेवतो, झोपतो, आणि मग डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन उठून बसतो. डोळे लाल, घळाघळा पाणी. त्या धंद्यातल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी लागलेला असतो आणि प्रत्येकाच्या घरी उपायही ठरलेला असतो. बटाट्याच्या गार चकत्या डोळ्यांवर ठेवायच्या आणि गप पडून राहायचं. सकाळपर्यंत उतरतं.

तर ह्यांना झोपेतून दुखून जाग यायला लागली, उजवा डोळा लाल, त्यातून पाणी, तेव्हा कुणाला काय वाटणार? ह्यांना स्वतःला तेच वाटलं आणि मलाही तेच वाटलं. मी उठून बटाटा चिरला.

आता तुम्ही म्हणाल, अहो बाई, आर्क एकाच डोळ्याला कसा लागेल? आम्हीही म्हणालो. पण त्यालाही वर्कशॉपमध्ये उत्तर तयार होतं. ह्यांच्या शेजारच्या टेबलावर एक जुने वेल्डर आहेत, जाड काचांमुळे सगळे त्यांना चष्मेदादा म्हणतात. छोटा टाका मारायचा असला की मास्क तोंडावर ओढायचा कंटाळा करायचा, एक डोळा मिटायचा आणि काम उरकायचं, ही वाईट सवय तिथे निम्म्या लोकांना आहे. ह्यांनाही होती. चष्मेदादा म्हणाले, मास्तर डावा डोळा मिटतात आणि उजवा उघडा ठेवतात. जो उघडा तो भोगतो. झालं! इतकं बिनचूक बसलं ते कारण, की त्यापुढे कुणी डोकंच चालवलं नाही.

वर लाज होती ती वेगळीच. आर्क लागतो नवशिक्या पोरांना. मास्तर म्हणवणाऱ्याला तो लागणं म्हणजे पोहायला शिकवणाऱ्यानं बुडणं. म्हणून ह्यांनी कामावर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही असं ठरवलं. सवय मोडली, मास्क कायमचा तोंडावर, इतका की चहाच्या वेळीसुद्धा तो कपाळावरच. तरी पुढच्या वर्षी थंडी सरत आली आणि दुखणं परत हजर. दीड-दोन महिने जवळजवळ रोज, आणि मग एका दिवशी काही झालंच नव्हतं अशा थाटात गायब. दर वर्षी असंच. मधले महिने आम्ही त्याचं नाव काढत नव्हतो, न जाणो ऐकेल आणि येईल.

आणि ते दुखणं म्हणजे काय होतं ते सांगते, कारण ज्याचं जळतं त्याला कळतं. झोप लागून तास-दीड तास झाला की हे ताडकन उठायचे. डोळ्याच्या मागे कुणीतरी तापलेली सळई घालतंय असं म्हणायचे, आणि तापलेली सळई म्हणजे काय ते ह्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. पापणी खाली लोंबलेली, तेवढ्याच बाजूची नाकपुडी चोंदलेली. गप पडून राहायचं सोडा, ह्यांना टेकवतसुद्धा नव्हतं. स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत आणि न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या. मूठ डोळ्यात खुपसायची. ते पुरलं नाही की दाराच्या चौकटीवर डोकं आपटायचं. मी मध्ये हात घालायचे तर माझी बोटं चेंगरायची. मग कधी तासाने, कधी दोन तासांनी ते निघून जायचं आणि हा धिप्पाड माणूस घामानं निथळत जमिनीवर बसायचा.

आमच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर, एक बाई राहतात. त्यांना वरची धडधड ऐकू जायची. त्यांनी काय करावं? एकदा वर येऊन विचारावं, काय हो, काय होतंय? नाही. त्यांनी सगळ्या इमारतीत पसरवलं की चौथ्या मजल्यावरचा वेल्डर दारू पिऊन बायकोला बडवतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. लिफ्टमध्ये भेटल्या की माझ्याकडे अशा काही कळवळून बघायच्या की मला त्यांचे डोळे मिटावेसे वाटायचे. ह्यांनी आयुष्यात एकदा, लग्नाच्या आधी, अर्धा ग्लास बीअर चाखली आणि कडू म्हणून टाकून दिली, हे मी कुणाकुणाला सांगत फिरू?

डॉक्टर झाले, ते तर विचारूच नका. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि म्हणाले काच बदला. दातांच्या डॉक्टरांना वाटलं दाढ आहे. वरची उजवी दाढ काढली, दुखणं थांबलं नाही, म्हणून तिच्या शेजारचीही काढली. नाकाच्या डॉक्टरांनी नाकाचं हाड वाकडं आहे म्हणून ते सरळ केलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! शेवटी आमचे नेहमीचे डॉक्टर. त्यांनी सगळे कागद चाळले, चष्मा काढला आणि माझ्यादेखत ह्यांना विचारलं की घरात काही कटकट असते का. म्हणजे मी! मी त्या खुर्चीत जिवंत बसलेली असताना! हे म्हणाले, कटकट करायला ती झोपेतून उठत नाही हो, मीच तिला उठवतो. डॉक्टर हसले आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दुखणं झोपेत येतं आणि त्यावर औषध काय, तर आणखी झोप.

नणंदेनं फोनवर सांगितलं की उशी बदला. चुलतदिरानं सांगितलं की मोबाइल बघणं सोडा, आणि तेही मोबाइलवर संदेश पाठवून. दुखणं ह्यांचं आणि उंटावरून शेळ्या हाकायला अख्खं गोत.

मागच्या वर्षी दारूची ती अफवा वर्कशॉपच्या मालकांच्याही कानावर गेली. सकाळी उजवा डोळा लाल, पापणी उतरलेली, झोप न झाल्यामुळे पाय जड. मालकांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि जवळ येऊन ह्यांच्या तोंडाचा वास घेतला. वास आला चहाचा. तरी त्यांनी ह्यांना गॅसकटिंगवरून काढलं आणि कोपऱ्यात ग्राइंडर मारायला बसवलं. इतक्या वर्षांचा मास्तर, आणि काल आलेल्या पोरांनी कापलेल्या पट्ट्यांच्या कडा घासत बसलाय. चष्मेदादा येऊन सांगून गेले म्हणून मला कळलं.

त्याच आठवड्यात दुखणं येऊन गेल्यावर हे भिंतीला टेकून बसले होते. मला म्हणाले, "पुढच्या वर्षी हे परत आलं तर मला नाही जमायचं."

मी विचारलं, काय नाही जमायचं. ह्यांनी गॅलरीच्या दाराकडे बघितलं. चौथा मजला. दुसऱ्या दिवशी मी त्या दाराला कुलूप बसवून घेतलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. कपडे वाळत घालायचे असले की मी उघडायची आणि मीच लावायची. त्या दिवसापासून माझी झोपही गेली ती गेलीच. आता गोष्ट एका माणसाच्या जिवाची आहे हे मला माहीत होतं आणि ह्यांना माहीत होतं. बाकीच्यांसाठी तो आर्क होता नाहीतर दारू होती.

यंदा थंडी सरायच्या आधीच मी ह्यांना मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. हे यायला तयार नव्हते, म्हणाले आता काय काढणार, कान? मी म्हटलं काढू दे, पण चला. तिथे मेंदूच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती, आमच्या भाचीएवढी. तिने कागद बाजूला ठेवले आणि विचारलं की दुखत असताना तुम्ही पडून राहता की फिरता.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. एकानंही नाही. हे म्हणाले, फिरतो, पडवतच नाही. मग तिने विचारलं की नेहमी हीच बाजू का, झोप लागल्यावर किती वेळानं, वर्षाच्या ठरावीक दिवसांत येतं का, नाक चोंदतं का. ती विचारत गेली आणि ह्यांचा चेहरा बदलत गेला, जणू कुणीतरी आमच्या घरात राहून सगळं बघून आलंय. ती म्हणाली, हा डोळ्यांचा आजार नाही, दातांचा नाही आणि मनाचाही नाही. याला क्लस्टर म्हणतात, हे डोकेदुखीचे झटके आहेत, झुंडीनं येतात आणि झोपेतच गाठतात. माणसाला होणाऱ्या सगळ्यात वाईट दुखण्यांपैकी हे एक आहे, असंही म्हणाली. मी तिथेच रडले. दुखणं इतकं वाईट आहे हे ऐकून कुणाला बरं वाटेल का? मला वाटलं.

झटके कमी व्हावेत म्हणून तिने गोळ्या दिल्या, त्याआधी हृदयाची तपासणी करून घेतली, आणि सांगितलं की त्यांचा गुण यायला काही दिवस लागतील. आणि झटका आला की त्या क्षणी काय करायचं, तर शुद्ध ऑक्सिजन. नाकातोंडावर घट्ट मास्क लावून, जोरात सोडून, पंधरा मिनिटं. बऱ्याच जणांचा झटका त्यानं जागच्या जागी मोडतो.

हे हसले. दवाखान्यात येऊन हसणारे हे पहिलेच असतील. म्हणाले, "ऑक्सिजन? अहो, मी दिवसभर त्यानंच लोखंड कापत होतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय म्हणायचं. ह्यांच्या हाताशी ऑक्सिजनच्या सिलिंडरांची रांग उभी असायची. डॉक्टरीणबाईंनी लगेच बजावलं की वर्कशॉपमधला वापरायचा नाही, तो श्वासासाठी भरलेला नसतो, त्याचा रेग्युलेटर वेगळा असतो. हे म्हणाले, ते मला सांगू नका, ते सिलिंडर कसे आणि कुठून फिरून येतात ते मी बघतो, मी कुत्र्यालाही देणार नाही. मग तिने दवाखान्यातल्या ऑक्सिजनसाठी कागद लिहून दिला.

मला वाटलं, सुटलो. पण आपल्याकडे औषध सापडणं वेगळं आणि मिळणं वेगळं. ऑक्सिजन भाड्यानं देणाऱ्या दुकानात गेलो तर काउंटरवरचा माणूस विचारतो, पेशंट कुठेय. मी म्हटलं, हे काय. तो म्हणाला, हे तर चालतायत. मग त्यानं ह्यांच्या बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि म्हणाला की ह्यांचा ऑक्सिजन माझ्यापेक्षा चांगला आहे, तुम्हाला नाही देता येणार. मी म्हटलं, अरे बाबा, दुखणं डोक्यात आहे. तो म्हणाला, बाई, ऑक्सिजन छातीसाठी असतो. मेंदूच्या डॉक्टरपेक्षा ह्याला जास्त कळतं! मी काउंटरसमोर मांडी घालून बसले. गिऱ्हाइकं मला ओलांडून जायला लागली तेव्हा त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला, दोनदा 'हो मॅडम' म्हणाला आणि तोंड वाकडं करून सिलिंडर द्यायला तयार झाला. यंदाचे झटके तोवर सुरू झाले होते.

सिलिंडर शुक्रवारी आला. कमरेएवढा, ट्रॉलीवर, रेग्युलेटर आणि वॉल्व्ह उघडायच्या किल्लीसकट. मास्क मी आधीच पिशवीत घालून घरी आणला होता. टेम्पोवाल्याने सिलिंडर खाली उतरवला, लिफ्टपर्यंत आणला, आणि तिथे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे राहिले. सेक्रेटरी म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. 'धोका' हा त्यांचा आवडता शब्द. लिफ्टमध्ये ओली छत्री नेली तरी त्यांना धोका दिसतो.

त्यांचं म्हणणं, वेल्डरच्या घरी ऑक्सिजन जातोय म्हणजे तो घरात कामं घेणार. स्फोट झाला तर जबाबदार कोण? मी कागद दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले की डोकेदुखीला कुणी सिलिंडर लावतं का, आम्हाला काय दुधखुळे समजता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तिथेच होत्या. त्या हळूच म्हणाल्या की पिणाऱ्याच्या घरात असली वस्तू नकोच. मी सांगितलं की ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, जवळ ज्योत नसली म्हणजे झालं, आणि तुमच्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात पेटणारा गॅस आहे त्याचं काय. पालथ्या घड्यावर पाणी. सेक्रेटरींनी सिलिंडर मीटरच्या खोलीत ठेवला, कुलूप लावलं आणि रविवारी दुपारी सभा बोलावली. सभा काय ठरवेल ते ठरवेल.

शुक्रवारी झटका आला. शनिवारीही आला. मी सेक्रेटरींचं दार वाजवलं, फोन केला. दार उघडलं नाही आणि फोन बंद. औषध चार मजले खाली कुलपात आणि माणूस वर भिंतीवर डोकं आपटतोय. मी मीटरच्या खोलीचं कुलूप फोडायला हातोडा घेऊन निघाले तर ह्यांनीच मला अडवलं. म्हणाले, फोडलंस तर उद्या ते म्हणतील बघा, म्हटलं नव्हतं? एवढं दुखत असताना ह्यांना लोकांच्या म्हणण्याची काळजी. मी हातोडा फेकला तो फरशीला खोक पाडून गेला.

रविवारी दुपारी खालच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. सगळ्यांना दिसावा म्हणून सिलिंडर बाहेर काढून मध्ये उभा केला होता. दोन रात्री ह्यांची धड झोप झाली नव्हती, जेवल्यावर खुर्चीत बसल्याबसल्याच झोपले. मी उठवलं नाही. मी कपडे दुरुस्तीची कामं घेते, शिलाईमशीनला तेल घालत होते, तशीच उठले, मास्कची पिशवी खांद्याला अडकवली आणि एकटीच खाली गेले.

सेक्रेटरी नियम वाचत होते. नियम वाचून झाले, मग धोका समजावून झाला. एकानं विचारलं की डॉक्टर खरी आहे कशावरून. दुसऱ्यानं सुचवलं की त्रास झाला की दवाखान्यात न्यावं, रिक्षा काय, कुठेही मिळते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी घसा साफ करून सांगितलं की आपल्याला कुणाच्या घरातलं बोलायचं नाही, पण. त्या 'पण'च्या पुढे काय येणार ते मला पाठ होतं आणि मी उठून उभी राहिले, आता काय तो सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. हे खाली येत होते. अनवाणी, गंजीवर, एका हातानं कठडा धरलेला आणि दुसऱ्या हाताची मूठ उजव्या डोळ्यात. लिफ्टची वाट बघणं त्यांना शक्यच नव्हतं, एका जागी उभं राहवत नव्हतं. डुलकी लागली होती आणि दुखण्यानं गाठलं होतं. दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर.

कुणाला काही कळेना. हे खुर्च्यांच्या मधून गेले, भिंतीपर्यंत गेले, वळले, परत आले. चेहऱ्याची उजवी बाजू ओघळून आलेली, डोळ्यातून पाणी गालावर, आणि तोंडातून एक आवाज, तो मी रोज ऐकते, त्यांनी पहिल्यांदा ऐकला. मग ह्यांनी मीटरच्या खोलीच्या चौकटीवर डोकं आपटलं. वर ऐकू यायची तीच ती धडधड. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तोंडावर हात धरला. एक जण म्हणाला, अहो धरा त्यांना. कुणी धरलं नाही.

मी सिलिंडरकडे धावले आणि किल्ली उचलायला वाकले. तर एवढ्या दुखण्यातही हे गरजले.

"तेलाचे हात लावू नकोस."

ऑक्सिजनच्या तोंडाला तेल लागलं तर भडका उडतो, हे धंद्यातलं पहिलं शिक्षण. माझे हात मशीनच्या तेलाचे. मी मागे झाले. ह्यांनी स्वतः किल्ली घेतली. एक डोळा मिटलेला, अंग थरथरतंय, पण वॉल्व्ह उघडला तो हळू, जसा उघडायचा असतो तसा. मी पदरानं हात पुसपुसून पिशवी पुढे केली, मास्क ह्यांनी घेतला, नळी जोडली, नाकातोंडावर घट्ट दाबला. आणि सेक्रेटरींच्याच खुर्चीत पुढे वाकून बसले, कारण सेक्रेटरी उठून भिंतीला चिकटले होते.

सूंऽऽ असा आवाज येत राहिला. हे बसल्याबसल्या पाय आपटत होते, झुलत होते. सभेतले सगळे जागच्या जागी. कुणाला जावंसं वाटत असेल तरी जायचं धाडस होईना. मी ह्यांच्या मागे उभी राहिले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. गुण आलाच नाही तर? बऱ्याच जणांना येतो असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सगळ्यांना येतो असं म्हणाल्या नव्हत्या. नाही आला तर गॅलरीच्या दाराचं ते कुलूप मी किती वर्षं सांभाळणार होते?

आधी पाय आपटायचे थांबले. मग झुलणं थांबलं. मग डोळ्यातली मूठ सैल झाली आणि हात मांडीवर आला. घड्याळाचा काटा पाव फेरी चालून गेला होता. ह्यांनी मास्क काढला, मान इकडे वळवून बघितली, तिकडे वळवून बघितली, जणू दुखणं कुठे लपलंय का ते शोधत होते. ते नव्हतं. एरवी दोन-दोन तास ह्यांना पिळून काढणारं ते, नव्हतं.

ह्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं.

"एवढंच होतं?" म्हणाले. "इतकी वर्षं, आणि एवढंच होतं?"

आणि मग ह्यांनी तोंड दोन्ही हातांत घेतलं आणि रडायला लागले. दुखताना हा माणूस कधी रडला नव्हता. ओरडला होता, डोकं फोडून घेतलं होतं, पण रडला नव्हता. आता खांदे गदगदत होते आणि आवाज आवरत नव्हता.

सेक्रेटरींच्या जिवात जीव आला. मोठ्यानं म्हणाले की बरं वाटलं ना, उत्तम, आमची काही हरकत नाही, घेऊन जा वर, ठराव मी लिहून टाकतो. खुर्च्या सरकल्या. सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई जिन्याकडे निघाल्याच होत्या.

"बसा," मी म्हटलं. "दोन रात्री तुम्ही कुलूप लावून झोपलात. आता ह्यांचं रडून होईपर्यंत बसा."

सेक्रेटरी दुसरी खुर्ची ओढून बसले. बाई जिन्यावरून परत आल्या. ह्यांना वेळ लागला, बराच लागला, आणि तोवर कुणी उठलं नाही.